डेटाबेस अचानक १ जीबीच्या वर गेला, होस्टिंगवाल्यांनी लॉक केला. ऑर्डर बंद, लॉगिनही बंद

पांझराकाठ
शुक्रवार, रात्री १०:४०

राम राम मंडळी.

धुळ्यात राहून वेबसाइटची छोटी-मोठी कामं करतो. अमळनेरकडच्या एका महिला बचत गटाचं ऑनलाइन दुकान जानेवारीपासून माझ्याकडे आलंय. बिबडे, नागलीचे पापड, बाजरीच्या खारोड्या, कळण्याचं पीठ असा माल. वर्डप्रेस, त्यावर दुकान चालवणारं वुकॉमर्स, साधं शेअर्ड होस्टिंग (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट), डेटाबेस मायएसक्यूएल ८. सध्या यांचा ऐन हंगाम. चैत्र-वैशाखात गच्चीवर ओल्या धोतरावर बिबडे थापले जातात आणि पुण्या-मुंबईची आपली माणसं वर्षभराचं वाळवण आत्ताच मागवून ठेवतात. म्हणजे बंद पडायची वेळ बघा.

आज दुपारपासून साइट उघडते, फोटो दिसतात, किमती दिसतात. पण 'कार्टमध्ये टाका' दाबलं की नुसतं गोल फिरतं आणि कार्ट रिकामीच. अ‍ॅडमिनमध्ये शिरायला गेलो तर 'पासवर्ड चुकला' असंसुद्धा म्हणत नाही, गुपचूप परत लॉगिनचंच पान दाखवतं. दोन ब्राउझर बदलून झाले, पासवर्ड बदलायचा प्रयत्न केला तर तोही बदलत नाही.

होस्टिंगवाल्यांचा मेल आलाय: डेटाबेस १ जीबीच्या मर्यादेबाहेर गेल्यामुळे लॉक केला आहे, आकार कमी करा. चॅटवर विचारलं तर तेच वाक्य पुन्हा, आणि पुढे 'मोठं पॅकेज घ्या'.

दुकानात चाळीससुद्धा वस्तू नाहीत. डिसेंबरमध्ये जुन्या होस्टिंगवरून इथे आणलं तेव्हाची एक्सपोर्ट फाइल माझ्याकडे आहे, ती ८० एमबीच्या आतबाहेर. मग हे एवढं आलं कुठून? हॅक झालंय का? गटाच्या ताईंचे फोन सुरू आहेत, त्यांना काय सांगू?

चाळीसगावघाट
शुक्रवार, रात्री १०:५२

डेटाबेस साफ करणारं एखादं प्लगइन टाका, एक बटण दाबलं की काम फत्ते. रिव्हिजन, कचरा, स्पॅम सगळं उडतं. मी सगळ्या साइटवर टाकतो.

खान्देशीतडका
शुक्रवार, रात्री १०:५५

भो, लॉगिनच व्हई नही राह्यनं तं प्लगइन कसं टाकतीन त्या?

भुसावळकर
शुक्रवार, रात्री ११:२०

पांझराकाठ भाऊ, आधी काहीही उडवू नका. तीन गोष्टी बघून इथे लिहा.

एक, पब्लिक_एचटीएमएल फोल्डरमध्ये एरर_लॉग नावाची फाइल असेल. वर्डप्रेस डेटाबेसची चूक पानावर दाखवत नाही, पण लॉगमध्ये टाकतं. तिच्यातल्या शेवटच्या ओळी.

दोन, पीएचपीमायअ‍ॅडमिन उघडतंय का? ते डेटाबेस थेट दाखवतं आणि सीपॅनलमधून (होस्टिंगच्या पॅनलमधून) उघडतं, वर्डप्रेसच्या लॉगिनशी त्याचा संबंध नाही. उघडलं तर डावीकडे डेटाबेस निवडा, टेबलांची यादी येईल, 'आकार'च्या रकान्यावर टिचकी मारून मोठं टेबल वर आणा.

तीन, तिथूनच एक एक्सपोर्ट काढून ठेवा. वाचायचा अधिकार सहसा शाबूत असतो, त्यामुळे एक्सपोर्ट निघेल. पूर्ण निघताना दमलं तर सर्वांत मोठं टेबल वगळून बाकीच्यांचा काढा. ऑर्डरी, ग्राहक, वस्तू हातात असल्या की मग शांतपणे बोलू.

आणि 'लॉक' या शब्दावर जाऊ नका. डेटाबेसवाले ज्याला लॉक म्हणतात तो प्रकार वेगळा: एक क्वेरी (डेटाबेसला दिलेली आज्ञा) ओळ धरून बसते, दुसरी थांबते, इनोडीबीत (मायएसक्यूएलचं साठवणीचं इंजिन) ती डिफॉल्टने ५० सेकंद वाट बघते आणि मग १२०५ क्रमांकाची 'लॉक वेट टाइमआउट' चूक देते. तसं असेल तर प्रोसेसलिस्ट (चालू क्वेरींची यादी) बघायची आणि अडून बसलेली क्वेरी मारायची. तुमचं वर्णन वाचून मला वाटतं की तुमच्याकडे कुणी काही धरून बसलेलं नाही. होस्टिंगवाल्यांनी डेटाबेसच्या युजरचे लिहिण्याचे अधिकार काढून घेतलेत, एवढंच. लॉगमध्ये ११४२ (अधिकार नाकारल्याची चूक) दिसतो का बघा.

नंदुरबारीमिरची
शुक्रवार, रात्री ११:३८

भुसावळकरांना दुजोरा. लॉगिन गुपचूप परत का येतं ते सांगते, कारण यात बरेच जण पासवर्ड आणि कुकीच्या मागे रात्र घालवतात.

पासवर्ड बरोबर ठरला की वर्डप्रेस एक टोकन बनवतं. ते तुमच्या ब्राउझरच्या कुकीत जातं आणि त्याची नोंद युजरमेटा टेबलात होते. पुढच्या पानावर दोन्ही जुळतात का ते तपासलं जातं. आता टेबलात लिहायलाच बंदी असेल तर कुकीत टोकन आहे, टेबलात नाही. वर्डप्रेसच्या मते तुम्ही लॉगिन केलेलंच नाही. चूक कुठेच नाही, म्हणून चुकीचा संदेशही नाही. पासवर्ड बदलत नाही त्याचंही कारण हेच.

हॅक वगैरे डोक्यातून काढा. निदान आज रात्री तरी.

पांझराकाठ
शनिवार, पहाटे १२:२५

झोप उडालीच आहे, म्हणून बसलो.

एरर_लॉग सापडली. तीच २१० एमबीची! सगळीकडे एकाच साच्याची ओळ: 'वर्डप्रेस डेटाबेस एरर, इन्सर्ट, अपडेट कमांड डिनाइड टू युजर' आणि पुढे टेबलाचं नाव. क्रमांक छापलेला नाही, पण पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये मुद्दाम एक ओळ बदलायचा प्रयत्न केला तर ११४२ आला.

टेबलं, पुढचं डब्ल्यूपी गाळून:
वुकॉमर्स_सेशन्स ९१४ एमबी
ऑप्शन्स ६४ एमबी
अ‍ॅक्शनशेड्युलर_लॉग्ज ३१ एमबी
पोस्टमेटा ११ एमबी
बाकी किरकोळ.

सेशन्समध्ये ओळी दाखवतोय चार लाखांच्या आसपास, आकड्याआधी ते नागमोडी चिन्ह आहे. सेशन्स सोडून बाकी सगळ्याचा एक्सपोर्ट घेतला, व्यवस्थित निघाला. उघडून शेवटची ऑर्डर तपासली, आहे.

हे सेशन्स टेबल म्हणजे नेमकं काय? चार लाख गिऱ्हाइकं आली असती तर ताईंनी एव्हाना बंगला बांधला असता.

रावेरचागडी
शनिवार, सकाळी ७:०५

माझंही असंच झालं होतं, फक्त टेबल वेगळं. आमची केळीच्या भावाची साइट आहे. बऱ्हाणपूरचा भाव निघाला की आमच्याकडे फोन वाजायला लागतात, म्हणून एका पोराने अशी सोय केली की भाव बदलला की तेच पान आपोआप नव्याने जतन व्हावं. वर्डप्रेस प्रत्येक वेळी जुनं पान रिव्हिजन म्हणून ठेवतं, आणि त्याला मर्यादा सांगितली नाही तर सगळ्या रिव्हिजन ठेवतं. भावाच्या एका पानाच्या मागे हजारो जुनी पानं. विकिपीडियावाल्यांना दाखवायला हवं होतं. शेवटी कॉन्फिग फाइलमध्ये पोस्ट रिव्हिजनची मर्यादा ५ केली.

तुमचं पोस्ट्स टेबल यादीत वर नाही, म्हणजे हा आजार तुमचा नाही. पण धागा शोधत कुणी आलं तर उपयोग होईल म्हणून लिहिलं.

नंदुरबारीमिरची
शनिवार, सकाळी ८:३०

सेशन्स म्हणजे दुकानात आलेल्या माणसाच्या हातातली पिशवी. कुणी कार्टमध्ये वस्तू टाकली की वुकॉमर्स त्याच्या नावाने एक ओळ उघडतं: काय घेतलं, किती घेतलं, पत्ता कुठला. कुकीवरून त्याला ओळखतं. या ओळीला मुदत असते, साधारण ४८ तास. मुदत संपलेल्या ओळी झाडायचं काम दिवसातून दोनदा आपोआप व्हायला हवं.

टेबल रिकामं करण्याआधी त्याला दोन प्रश्न विचारा, मग पुरावा राहणार नाही. सेशन_एक्सपायरी हा रकाना युनिक्स टाइमस्टॅम्प आहे, म्हणजे १९७० पासूनचे सेकंद.

पहिला: ज्यांची सेशन_एक्सपायरी आत्ताच्या युनिक्स_टाइमस्टॅम्पपेक्षा कमी आहे अशा ओळी किती, काउंट घेऊन. नागमोडी चिन्हाचा आकडा अंदाजे असतो, इनोडीबी नेमका आकडा मोजल्याशिवाय सांगत नाही.

दुसरा: सर्वांत जुनी मुदत कुठली. मिन घ्या आणि त्याला फ्रॉम_युनिक्सटाइममध्ये घाला, तारीख मिळेल.

दोन्ही नुसत्या वाचायच्या क्वेरी आहेत, चालतील.

पांझराकाठ
शनिवार, सकाळी ९:१५

ताई, उत्तर बघून खुर्चीत सरळ बसलो.

एकूण ४ लाख १२ हजार ओळी. त्यातल्या मुदत संपलेल्या ३ लाख ६० हजारांच्या वर. आणि सर्वांत जुनी मुदत डिसेंबरच्या १४ तारखेची!

साइट नव्या होस्टिंगवर आली तो आठवडाच तो. त्या दिवसापासून झाडू लागलेलाच नाही असं दिसतंय. मीच एक पुढची क्वेरी केली, तारखेप्रमाणे गट पाडून. मार्चच्या अखेरीपर्यंत दिवसाला पाच-पन्नास ओळी. मग गेल्या दोन आठवड्यांत एकदम दिवसाला वीस-पंचवीस हजार.

चाळीसगावघाट
शनिवार, सकाळी ९:४०

मग झालं की. मुदत संपलेल्या ओळींवर डिलीट मारा. चालू कार्टांना धक्का नाही, जागा मोकळी.

पांझराकाठ
शनिवार, सकाळी ११:०५

मारला. डिलीटचा अधिकार त्यांनी ठेवलाय हे खरं. एका दमात मारला तर पीएचपीमायअ‍ॅडमिन अर्ध्यात लटकलं, मग लिमिट लावून दहा-दहा हजारांनी काढल्या. सगळ्या गेल्या, काउंट शून्य.

आणि टेबलाचा आकार? ९१४ एमबी. जसाच्या तसा. एक एमबीसुद्धा कमी नाही. होस्टिंगच्या पॅनलवरही तोच आकडा. हे काय गौडबंगाल आहे?

खान्देशीतडका
शनिवार, सकाळी ११:०८

डाळ खादी, पन भांडं तठेच.

भुसावळकर
शनिवार, सकाळी ११:५०

गौडबंगाल नाही, इनोडीबीची रीत आहे. इनोडीबी हे २०१० मधल्या ५.५ पासून मायएसक्यूएलचं डिफॉल्ट इंजिन. यात ओळ पुसली की तिची जागा 'मोकळी' अशी नोंदली जाते आणि पुढच्या नव्या ओळींसाठी राखून ठेवली जाते. डिस्कवरची फाइल लहान होत नाही. यादीत डेटा_फ्री किंवा 'ओव्हरहेड' असा रकाना असेल, तिथे आता ७००-८०० एमबी दिसत असतील. होस्टिंगवाले मोजतात तो फाइलचा आकार.

एक बारीक गोष्ट: मायएसक्यूएल ८ मध्ये हे आकडे २४ तासांपर्यंत शिळे दाखवले जाऊ शकतात, कारण ते साठवून ठेवलेले असतात. म्हणून डिलीटनंतरच्या आकड्यावर कधीकधी उगाच भांडण होतं. पण तुमच्या बाबतीत ताजा आकडा मागवलात तरी ९१४च येईल.

नेहमीचा उपाय म्हणजे ऑप्टिमाइझ टेबल. इनोडीबीत तो आख्खं टेबल नव्याने बांधतो आणि जुनं टाकून देतो. आता खरी मेख ऐका. ऑप्टिमाइझ करायला सिलेक्टबरोबर (वाचणं) इन्सर्टचाही (नवी ओळ लिहिणं) अधिकार लागतो. इन्सर्ट तर त्यांनी काढून घेतलाय.

म्हणजे बघा: आकार कमी केल्याशिवाय अधिकार नाही आणि अधिकाराशिवाय आकार कमी होत नाही. होस्टिंगच्या चॅटवर बसलेल्या पोराला हे माहीत नसतं, तो आपला 'आकार कमी करा' म्हणत राहतो. लोक इथेच कंटाळून मोठं पॅकेज घेतात.

पांझराकाठ
शनिवार, दुपारी १२:०५

हो, ऑप्टिमाइझ मारून बघितलाच होता. 'सिलेक्ट, इन्सर्ट कमांड डिनाइड'. तुमचं वाचलं नसतं तर दुपारपर्यंत तेच दाबत बसलो असतो.

मग आता? पैसे भरायचे?

भुसावळकर
शनिवार, दुपारी १२:३०

नाही. ट्रंकेट.

डिलीट ओळी पुसतं. ट्रंकेट टेबलच टाकून देतं आणि त्याच नावाचं कोरं टेबल उभं करतं, त्यामुळे फाइल त्याच क्षणी लहान होते. आणि गंमत म्हणजे ट्रंकेटला इन्सर्टचा अधिकार लागत नाही, ड्रॉपचा लागतो. मर्यादा ओलांडल्यावर इन्सर्ट, अपडेट, क्रिएट काढतात. ड्रॉप बहुतेक वेळा राहू देतात, कारण माणसाने काहीतरी टाकून द्यावं हीच त्यांची इच्छा असते. तुमच्याकडे आहे का ते 'शो ग्रँट्स' (आपल्या अधिकारांची यादी) लिहून आधी बघा.

चाळीसगावघाट
शनिवार, दुपारी १२:४०

ट्रंकेट?? डोकं ठिकाणावर आहे का? त्याला अनडू नाही, रोलबॅक नाही. चुकून पोस्टमेटावर पडलं तर ताईंचं दुकान गुंडाळायचं. नवख्या माणसाला असे सल्ले देऊ नयेत.

नंदुरबारीमिरची
शनिवार, दुपारी १:१५

चाळीसगावकर, भीती योग्य आहे, पण ती टेबल बघून बाळगावी. पोस्ट्स, पोस्टमेटा, ऑर्डरींची टेबलं, युजर्स, युजरमेटा, ऑप्शन्स यांवर ट्रंकेट कधीच नाही. ऑप्शन्समध्ये तर साइटचा पत्तासुद्धा असतो.

सेशन्समध्ये मात्र झालेली एकही ऑर्डर नसते. जाईल ते इतकंच: लॉगिन न करता ज्यांनी कार्ट भरून ठेवलंय त्यांचं कार्ट. खातं असलेल्यांच्या कार्टाची एक प्रत युजरमेटात असते, त्यांना ते परत दिसेल. तसंही कालपासून कुणाचं कार्ट भरतच नाहीये. एक्सपोर्ट झालेला आहे. मी केलं असतं.

फक्त पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये 'रिकामं करा' आणि 'ड्रॉप' ही बटणं शेजारी-शेजारी असतात. ड्रॉप दाबलंत तर टेबलच जाईल आणि क्रिएटचा अधिकार नसल्यामुळे परत बनवता येणार नाही. 'रिकामं करा' म्हणजे ट्रंकेट. दाबण्याआधी तो जी ओळ दाखवतो ती वाचा, टेबलाचं नाव वाचा, मग हो म्हणा.

पांझराकाठ
शनिवार, दुपारी २:००

शो ग्रँट्समध्ये सिलेक्ट, डिलीट, ड्रॉप दिसले. ओळ वाचली, नाव वाचलं, हो म्हटलं.

सेशन्स: ९१४ एमबीवरून ४८ केबी. एका सेकंदात.

पूर्ण डेटाबेस आता १२५ एमबीच्या आत. चॅटवर सांगितलं, त्यांनी पुन्हा मोजणी लावली आणि अर्ध्या तासात अधिकार परत आले. लॉगिन होतंय! अमळनेरहून ताईंनी स्वतः एक किलो बिबड्यांची ऑर्डर टाकून बघितली, मेल आला.

भुसावळकर आणि मिरचीताई, जेवायला या. कळण्याची भाकरी आणि भरीत, ठेच्यासकट.

भुसावळकर
शनिवार, दुपारी २:२०

भरीत हिवाळ्यातलं खावं, ते राहू द्या. आणि जेवण लांबच आहे. झाडू बंद आहे आणि कचरा टाकणारे येतच आहेत. असंच ठेवलं तर दोन-तीन आठवड्यांत परत हाच मेल येईल. कॉन्फिग फाइल उघडा, 'डिसेबल_डब्ल्यूपी_क्रॉन' अशी ओळ आहे का बघा.

पांझराकाठ
शनिवार, दुपारी २:४५

आहे. ट्रू.

नंदुरबारीमिरची
शनिवार, दुपारी ३:१०

मला हेच वाटलं होतं.

वर्डप्रेसची ठरावीक वेळेची कामं खऱ्या घड्याळावर चालत नाहीत. कुणी पान उघडलं की ते बघतं, काही काम थकलंय का, असेल तर तेव्हा करतं. जरा मोठ्या साइटवर जाणकार लोक हे बंद करून सर्व्हरच्या क्रॉनला (घड्याळावर कामं चालवणारी सोय) दर काही मिनिटांनी तेच काम सांगतात. चांगली पद्धत आहे. पण तिचे दोन भाग असतात: एक कॉन्फिग फाइलमध्ये, दुसरा होस्टिंगच्या पॅनलमध्ये. साइट हलवताना फाइल नव्या घरी आली आणि पॅनलमधली क्रॉनची नोंद जुन्या होस्टिंगवरच राहिली. जुनं बंद झालं आणि साइटला कुणी उठवणारंच उरलं नाही. हलवाहलवीनंतर हे इतकं सर्रास दिसतं की मी आता साइट ताब्यात घेताना आधी तेच बघते.

तुमच्या ऑप्शन्सचे ६४ एमबीही त्यातलेच. ट्रान्झियंट नावाच्या तात्पुरत्या नोंदी तिथे राहतात. मुदत संपलेल्या ट्रान्झियंट २०१७ मधल्या ४.९ पासून वर्डप्रेस रोज स्वतः झाडतं, पण तेही याच क्रॉनवर.

सीपॅनलच्या 'क्रॉन जॉब्ज'मध्ये दर १५ मिनिटांनी डब्ल्यूपी-क्रॉन डॉट पीएचपी चालेल अशी नोंद करा. किंवा कॉन्फिगमधली ती ओळ काढा. बचत गटाच्या दुकानाला दोन्ही चालेल. मी नोंदच करीन, कारण पेज कॅश (पानांच्या तयार प्रती देणारी सोय) लावलेली असली की बरीचशी पानं वर्डप्रेसपर्यंत पोचतच नाहीत आणि मग पान उघडूनही काम होत नाही.

पांझराकाठ
शनिवार, संध्याकाळी ६:३०

नोंद केली. तासाभरात ऑप्शन्समधल्या ट्रान्झियंट ओळी भराभर उतरल्या. आता इन्सर्ट परत मिळालाय म्हणून ऑप्शन्सवर ऑप्टिमाइझ मारला. 'टेबल ऑप्टिमाइझला सपोर्ट करत नाही, त्याऐवजी नव्याने बांधतो' अशा अर्थाचा संदेश आला, क्षणभर पोटात गोळा. पण आकार ६४ वरून ७ एमबी.

आता ते वीस-पंचवीस हजार कोण? रॉ अ‍ॅक्सेस लॉग उतरवून घेतला. जिकडे बघावं तिकडे हीच ओळ: दुकानाचं पान, पुढे प्रश्नचिन्ह, अ‍ॅड-टू-कार्ट बरोबर अमुक नंबर. मग तेच पान किमतीच्या क्रमाने लावून, परत अ‍ॅड-टू-कार्ट. मग वजनाचा फिल्टर लावून, परत अ‍ॅड-टू-कार्ट. दर तीन-चार सेकंदाला एक. आयपी वेगवेगळे, ब्राउझरच्या जागी कुठल्या कुठल्या बॉटची नावं. एकालाही बिबडे खायचे नाहीत.

भुसावळकर
शनिवार, रात्री ८:४५

वुकॉमर्सचं 'कार्टमध्ये टाका' हे बटण यादीच्या पानावर मुळात एक लिंक असते. बॉटला लिंक दिसली की तो जाणार. तो कुकी सांभाळत नाही, म्हणून दर खेपेला वुकॉमर्सला वाटतं नवं गिऱ्हाईक आलं, आणि नवी ओळ उघडते. फिल्टर आणि क्रम यांच्या जोडण्या केल्या तर चाळीस वस्तूंच्या दुकानातून हजारो पत्ते तयार होतात.

रोबोट्स डॉट टीएक्सटीमध्ये (बॉटांसाठीच्या सूचनांची फाइल) अ‍ॅड-टू-कार्ट असलेले पत्ते डिसअलाऊ करा. शहाणे बॉट ऐकतात. जे ऐकत नाहीत त्यांच्यासाठी एचटीअ‍ॅक्सेसमध्ये नियम: पत्त्यात अ‍ॅड-टू-कार्ट असेल आणि ती साधी गेट (लिंक उघडण्याची) विनंती असेल तर ४०३ (प्रवेश नाही). खरं गिऱ्हाईक वस्तूच्या पानावरून बटण दाबतं तेव्हा पोस्ट (फॉर्म पाठवण्याची) विनंती जाते, आणि यादीच्या पानावर अजॅक्स (पान न बदलता विनंती पाठवणं) चालू असेल तर तिथलंही बटण वेगळ्या वाटेने जातं. त्यांना त्रास नाही.

पांझराकाठ
शनिवार, रात्री ९:३०

इथे एक अडचण आहे. ताई व्हॉट्सअ‍ॅपवर थेट तीच लिंक पाठवतात! 'बिबडे १ किलो, इथे दाबा' आणि दाबलं की वस्तू कार्टात. पुण्यातल्या खान्देशी मंडळांच्या ग्रुपवर तेच मेसेज फिरतायत. ४०३ लावला तर त्या सगळ्यांना लाल पाटी.

नंदुरबारीमिरची
रविवार, सकाळी ८:००

मग सरसकट ४०३ नको. आधी लॉगमधून सगळ्यात जास्त त्रास देणाऱ्या बॉटांची नावं काढा आणि फक्त त्यांना अडवा. नाव बदलून येणारे राहतील थोडे, पण आता झाडू चालू आहे. रोज दोन-तीन हजार ओळी आल्या तरी ४८ तासांत त्या जातात, डेटाबेस फुगत नाही. ताईंना सांगा, नवे मेसेज करताना वस्तूच्या पानाची लिंक द्या. जुने मेसेज हंगाम संपला की आपोआप थंडावतील, तेव्हा कडक नियम लावा.

४८ तासांची मुदत फिल्टर लावून कमी करता येते, पण करू नका. आपल्याकडे माणूस कार्ट भरतो आणि मग घरी विचारतो.

रावेरचागडी
रविवार, सकाळी १०:१०

वाचून मीही माझ्याकडे बघितलं. क्रॉन चालू आहे. पण अ‍ॅक्शनशेड्युलर_लॉग्ज १८० एमबी. ते काय असतं? ट्रंकेट मारू का?

भुसावळकर
रविवार, सकाळी १०:४५

थांबा! एवढ्यात हात नका उचलू. पार्श्वभूमीत चालणाऱ्या कामांच्या नोंदी असतात त्या. पूर्ण झालेली कामं ३० दिवसांनी आपोआप निघतात. म्हणजे १८० एमबी साचायला एकतर कुठलंतरी प्लगइन मिनिटा-मिनिटाला काम लावत असणार, नाहीतर अयशस्वी कामांचा ढीग असणार. टूल्समध्ये 'शेड्युल्ड अ‍ॅक्शन्स' उघडा, कुठलं नाव सगळ्यात जास्त वेळा आहे ते लिहा.

पांझराकाठ
सोमवार, सकाळी ९:२०

ताजी स्थिती. बॉटांची नावं लावून चार नियम टाकले, सेशन्स टेबल आज सकाळी ६ एमबी. सर्वांत जुनी मुदत आज दुपारची, म्हणजे मुदत संपलेली ओळ अजून एकही नाही; झाडू वेळेवर फिरतोय का ते उद्या कळेल. ती मिनवाली क्वेरी आता दर सोमवारी बघायची यादीत घातली. एरर_लॉगही उडवली, २१० एमबी तिथेच पडून होते.

ताईंनी व्हॉट्सअ‍ॅपची नवी लिंक फिरवली आहे. बॉट घटले आणि पापडाच्या ऑर्डरी वाढल्या, त्यांचा काही संबंध नसावा.

रावेरचागडी
सोमवार, सकाळी ११:००

भुसावळकर, बघितलं. पोराने भाव जतन करायची जी सोय केली होती तीच दर मिनिटाला काम लावतेय, भाव बदलो न बदलो. ते दर अर्ध्या तासावर आणलं. लॉग तसाच ठेवलाय, ३० दिवसांत किती उतरतो बघतो.

चाळीसगावघाट
सोमवार, दुपारी १२:१५

सगळं ठीक, पण १ जीबीला लॉक करणारं होस्टिंग ठेवायचंच कशाला? कुठलं चांगलं, स्वस्त, मराठीत बोलणारं सपोर्ट असलेलं सुचवा की.

भुसावळकर
सोमवार, दुपारी १२:२०

त्यासाठी वेगळा धागा काढा. तिथे दोनशे प्रतिसाद होतील.